कॉलेजच्या मुलांमध्ये सेवा करायची आहे? आधी मेसची सुट्टी कधी ते विचारा

रविवारी दुपारी मेसवाल्यांची फीस्ट आणि रविवारी रात्री मेस बंद. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. आमची सहभागिता, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांची प्रार्थनेची आणि बायबल अभ्यासाची सभा, रविवारी संध्याकाळी पाच ते सात भरते आणि नंतर खिचडी असते, त्यामागचं कारण एवढंच. सुरुवातीला आम्ही ती शनिवारी सकाळी ठेवली होती, कारण आम्हा नोकरी करणाऱ्यांना ते सोयीचं होतं. तीन महिने चार-पाच जण यायचे, त्यातले दोघे पाळकांचे, म्हणजे आमच्या पास्टरांचे, भाचे.

दर जूनमध्ये मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कोणी ना कोणी विचारतं, ‘दादा, कॉलेजच्या मुलांमध्ये सेवा करायची आहे, सुरुवात कुठून करू?’ त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे. मी पगारी सेवक नाही. नोकरी सांभाळून हे करणारा माणूस. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला पुणंच माहीत आहे.

पहिलं काम: आधीपासून कोण आहे ते शोधा

नवं नाव, नवा लोगो आणि नवा बॅनर घेऊन सुरुवात करू नका. तुमच्या शहरात विद्यार्थ्यांमध्ये काम करणारं कोणीतरी बहुधा असतंच. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून आहे. सामाजिक न्यायाच्या प्रश्नांकडे तिचा ओढा जास्त. कॅथलिक विद्यार्थ्यांची ऐकूफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ पासून. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, म्हणजे यूईएसआय, १९५४ पासून. तिच्या कॉलेजातल्या गटांना मुलं नुसतं ‘ईयू’ (इव्हँजेलिकल युनियन) म्हणतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. महिनाभर मागच्या रांगेत बसा, गाणी म्हणा, खुर्च्या उचला, भांडी घासा. कोणता गट आपला हे त्यात कळतं.

त्याच आठवड्यात आपल्या पाळकांना जाऊन भेटा. त्यांना धास्ती असते की हे लोक आमची तरुण पोरं पळवणार. ती धास्ती अगदीच खोटी नाही. तेव्हा स्पष्ट शब्द द्या: रविवारच्या सकाळच्या उपासनेच्या वेळी आम्ही काही ठेवणार नाही आणि बाहेरगावहून आलेल्या मुलांना मंडळीत आणून बसवू. हा शब्द पाळला की पुढे सभागृहाची किल्ली मागायला तोंड उरतं.

कमिटीतले एखादे काका म्हणतील, ‘पोरं काय करणार? परीक्षा झाली की गावाला.’ त्यांच्यासाठी माझ्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मैदानात प्रार्थना करत होते. वादळ आलं, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच आशियात सुवार्ता न्यायची असं बोलणं झालं. त्या चळवळीतून १८१० मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजातून शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेला. त्यांचं अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगरला पोचलं. नगरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा इतिहास इथून सुरू होतो. गोष्ट सांगून झाली की काकांना त्यांच्या पणजोबांचं गाव विचारायचं.

वर्षाचा हिशेब

कॉलेजचं वर्ष कागदावर बारा महिन्यांचं असतं. प्रवेश लांबतात, गणपतीत अर्धी मुलं गावी, मग सबमिशन, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा, दिवाळी, नाताळ, गॅदरिंग, परत सबमिशन, परत परीक्षा. आम्ही दर वर्षी कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करतो. कामाचे रविवार बावीस-तेवीसच्या वर कधी गेलेले नाहीत. तीन वर्षांच्या पदवीत एका मुलाची आणि तुमची गाठ सत्तर वेळा पडली तर पुष्कळ झालं.

म्हणून जुलै-ऑगस्ट वाया घालवू नका. शहरात नवीन आलेला मुलगा पहिल्या महिन्याभरात कोणाच्यातरी गटात बसतोच, मग तो गट कट्ट्यावरचा असो, जिममधला असो की आपला. त्या दिवसांत त्याला प्रवचन नको असतं. त्याला हवं असतं ते असं: झेरॉक्स कुठे स्वस्त, कोणत्या मेसचं पाणी बाधत नाही, डिपॉझिट परत न देणारा घरमालक कोण, नॉन-क्रिमी लेयरचा दाखला कुठे मिळतो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मुली ही माहिती दर जूनमध्ये एका पानावर लिहून काढतात. आमच्या सगळ्या पत्रकांत जास्तीत जास्त हातांत फिरलेलं हेच पान.

जुलैचा पहिला अभ्यास मी बायबलमधल्या दानीएलाच्या पहिल्या अध्यायावर घेतो. घरापासून लांब नेलेली मुलं, परकी भाषा, बदललेली नावं आणि अभ्यासक्रम बरोबर तीन वर्षांचा. दानीएल राजाकडचं जेवण नाकारतो, म्हणून मेसचं जेवण नाकारणारा इतिहासातला पहिला विद्यार्थी तोच, हा विनोद दर वर्षी चालतो. आता मुलंच माझ्याआधी करतात.

जागा

कॉलेजच्या आवारात काही करायचं तर प्राचार्यांची लेखी परवानगी आणि अर्जावर विद्यार्थ्यांची नावं. तुम्ही बाहेरचे आहात. तुमच्या नावावर अर्ज चालणार नाही, चालूही नये. परवानगी नाकारली तर हुज्जत घालू नका. वर्गात, प्रयोगशाळेत, लायब्ररीत पत्रकं ठेवू नका. हॉस्टेलवर जायचं तर रजिस्टरमध्ये खरं नाव आणि खरं कारण लिहा. मी एकदा घाईत ‘नातेवाईक’ लिहिलं. वॉर्डनने नातं विचारलं आणि माझी बोबडी वळली. ज्याला भेटायला गेलो होतो त्या पोराला पुढचं अख्खं सत्र त्याचे टोमणे ऐकावे लागले.

जागा मागून घेतलेली असली तरी चालते. पौलाने इफिसात दुसऱ्याच्याच पाठशाळेत दोन वर्षं रोज बोलणं चालवलं, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. चर्चचं सभागृह, कोणाचा तरी फ्लॅट, बागेतली हिरवळ, काहीही घ्या. तीन गोष्टी मात्र बघा: शेवटची बस कधी, मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो का. ड्रमसेट सोसायटीत आणू नका. कहोन, म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका, आणला तरी सेक्रेटरी येतात.

पहिल्यांदा आलेल्याला गोंजारू नका

नवीन मुलगा दारात चपला काढत असतानाच चार जणांनी हसत धावत जाणं, पुढे उभं करून नाव सांगायला लावणं आणि टाळ्या वाजवणं, हे कृपा करून टाळा. एकाने शेजारी बसावं, गाण्याची वही उघडून द्यावी, एवढं पुरे. निघताना नंबर मागण्याऐवजी आपला द्यावा. दुसऱ्या दिवशी फोन येईल, नाहीतर येणार नाही.

तो दुसऱ्यांदा आला की त्याला काम द्या. कांदे चिरायला बसवा. कांदे चिरताना मुलं जे बोलतात ते वर्तुळात बसून कधी बोलत नाहीत.

वचनाचा अभ्यास: इथे जीव ओता

गाणी, खेळ, शिबिर यांनी मुलं येतात. टिकतात ती वचनामुळे, म्हणजे बायबलमुळे. आणि आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकी हीच सवय कमी. आपल्याला उपदेश ऐकायची सवय आहे, उतारा समोर ठेवून प्रश्न विचारायची नाही. नवीन सेवक तयारी करून येतो म्हणजे चाळीस मिनिटांचं भाषण लिहून आणतो. ते घरी ठेवून या.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्टी वेगाने जातात. उतारा बारा-पंधरा ओळींचा घ्या. घरी पाच वेळा वाचा, दहा प्रश्न लिहा, त्यातले पाच खोडा. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘येशू’ एवढंच आहे तो पहिला खोडा.

दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती मनुष्य घ्या. गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून चौघे छप्पर उसकून त्याला येशूपुढे खाली सोडतात. पहिला प्रश्न सोपा: या घरात आणि घराभोवती कोण कोण आहे, बोटांवर मोजा. गर्दी, शास्त्री, चौघे वाहणारे, बाजेवरचा माणूस. यात कोणाला भीती वाटायचं कारण नाही. लाजरी मुलगीसुद्धा एक नाव सांगते आणि तिचं तोंड उघडतं. दुसरा प्रश्न: येशूने कोणाचा विश्वास पाहिला? सगळे पटकन म्हणतात, ‘त्याचा.’ काही बोलू नका, पाचवी ओळ परत वाचायला लावा. तिथे ‘त्यांचा’ आहे. आता वर्तुळात थोडी हालचाल होते. तिसरा: हा माणूस कशासाठी आला होता आणि येशूने आधी काय दिलं? आला होता बरा व्हायला, आधी मिळाली पापांची क्षमा. इथे वाद होतो. होऊ द्या.

एकदा याच उताऱ्यावर नवापूरकडचा एक मुलगा मध्येच म्हणाला, ‘दादा, घरवाल्याला कोणी विचारलं का?’ सगळे हसले. तो हसला नाही. त्याने दर वर्षी पावसाआधी वडिलांबरोबर घर शाकारलेलं. वरून छप्पर उसकायला किती वेळ लागतो, खाली किती माती पडते, हे त्याला हातानेच माहीत होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे येशूचं बोलणं मध्येच थांबलं असणार. डोक्यावर कचरा पडताना कोण उपदेश करील? केसांत माती घेऊन तो वर बघत बसला असेल. आणि चिडला नाही.’ हा उतारा मी तोवर निदान दहा वेळा शिकवला होता आणि येशूच्या केसांतली माती मला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी माझे उरलेले तीन प्रश्न मी विचारलेच नाहीत.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. सहाला पोचलात की उत्तर स्वतःच द्यावंसं वाटेल, देऊ नका. चुकीचं उत्तर आलं तर ‘हे कोणत्या ओळीत दिसलं?’ एवढंच विचारा. चाळीस मिनिटं झाली की थांबा, रंगलं असलं तरी. आणि तिसऱ्या महिन्यापासून अभ्यास विद्यार्थ्याने घ्यायचा. तुम्ही गुरुवारी त्याच्याबरोबर बसून प्रश्न तयार करायचे आणि रविवारी गप्प बसायचं. मला हे शेवटचं अजून नीट जमत नाही.

भाषा

पुण्यातल्या एका वर्तुळात मिझोराम, नागालँड, केरळ, जालना, नंदुरबार आणि कधी एखादा आफ्रिकेतला विद्यार्थी असे सगळे एकत्र बसतात. मग कारभार आपसूक इंग्रजीत सरकतो. ईशान्येकडची मुलं चार सुरांत गातात, केरळची मुलं गिटार घेतात आणि जालन्याचा पोरगा भिंतीला टेकून बसतो. त्याला श्रीरामपूरच्या मावशीकडून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पेटीवर तोंडपाठ आहेत, पण ते विचारतो कोण?

आम्ही केलेले उपाय साधे आहेत. उतारा दोन भाषांत वाचायचा. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करायची, भाषांतर नाही. महिन्यातून एक रविवार पेटी-तबला. अभ्यासाचे छोटे गट भाषेप्रमाणे, जेवण मात्र एकत्र. इंग्रजी येत नाही म्हणून मुलगा गप्प बसला की आपण त्याला ‘शांत स्वभावाचा’ म्हणतो. तो स्वतःच्या भाषेत बोलला की कळतं, स्वभाव किती शांत आहे ते.

दुसरी भाषा आपली चर्चची. तारण, अभिषेक, ओझं, साक्ष (देवाचा आलेला अनुभव सांगणं). आमच्याकडे एकाने उत्साहाने ‘कोणाला साक्ष द्यायची आहे का?’ विचारलं, तर पहिल्यांदाच आलेली लॉची विद्यार्थिनी शेजारणीला म्हणाली, ‘कोणत्या केसमध्ये?’ तेव्हापासून आम्ही ‘या आठवड्यात काय घडलं?’ असं विचारतो.

ख्रिस्ती नसलेले मित्र आले तर

येतातच. रूममेट येतो, खिचडी खातो, वाद घालतो, परत येतो. त्याला जे आहे ते सरळ सांगा: आम्ही बायबल वाचतो, प्रार्थना करतो, येशू ख्रिस्ताविषयी बोलतो. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असं नाव देऊन आत प्रार्थनासभा भरवणं हा खोटेपणा आहे आणि असले कार्यक्रम मी पाहिले आहेत. आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने द्या, असं बायबलमध्ये प्रेषित पेत्र लिहितो. दुसऱ्याच्या देवाची, आजीच्या उपासाची, बाबासाहेबांच्या फोटोची टिंगल करणाऱ्या आपल्या मुलाला तिथल्या तिथे थांबवा.

कायदा माहीत हवा. घटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. बऱ्याच राज्यांत जबरदस्ती, फसवणूक आणि प्रलोभन यांविरुद्ध वेगळे कायदे आहेत आणि प्रलोभनाची व्याख्या लांबरुंद असते. आपल्या राज्याचा कायदा आज काय म्हणतो ते मंडळीतल्या वकिलाकडून समजून घ्या. फी भरतो, नोकरी लावतो, बरं करतो, अशी वाक्यं विश्वासाच्या गप्पांना जोडून कधीच बोलू नका. खिचडी सगळ्यांना, शेवटपर्यंत न थांबणाऱ्यालासुद्धा.

बाप्तिस्म्याचा विषय निघाला तर तो मंडळीचा आणि त्या सज्ञान व्यक्तीचा विषय आहे, तुमच्या गटाचा नाही. घाई करू नका. आणि एक गोष्ट लपवू नका: १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्याचा तो जातो. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या मुलाला हे तुमच्याकडून आधी कळायला हवं, नंतर समाजकल्याणच्या खिडकीवर नव्हे.

सांभाळ, आणि तुमच्या मर्यादा

निकालाच्या दिवशी फोन चालू ठेवा. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर मुलं हसतात. वायडी झालं, म्हणजे अख्खं वर्ष गेलं, की दार लावून घेतात. तेव्हा ‘विश्वास कमी पडला’ किंवा ‘देवाची योजना असेल’ ही दोन वाक्यं गिळा. चहा घेऊन जा, गुणपत्रिका बघा, कोणता विषय, फॉर्म कधी भरायचा, घरी कोणी सांगायचं, हे बोला. परीक्षेआधी दोन आठवडे आमची सभा बंद असते. सभागृह अभ्यासाला उघडं आणि थर्मासमध्ये चहा.

मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तर प्रार्थना करा आणि त्याला एकटं न सोडता डॉक्टरकडेही न्या. मानसिक आरोग्यासाठीचा टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तो आमच्या गाण्याच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. तुम्ही समुपदेशक नाही. मीही नाही.

बाकी नियम थोडक्यात. मुलींशी ताईंनी बोलावं, मुलांशी दादांनी, तेही चार माणसं दिसतील अशा जागी. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात. शिबिराला न्यायचं तर आईवडिलांची लेखी संमती. कोणी छळाची तक्रार सांगितली, आरोपी आपल्या गटातला असला तरी, प्रकरण आतल्या आत मिटवू नका; कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जायला तिला सोबत द्या. उसने पैसे देऊ नका. द्यायचेच तर परत मागायचे नाहीत असं ठरवून द्या. वर्गणी दोघांच्या सहीच्या वहीत, आणि हिशेब दर महिन्याला सगळ्यांपुढे वाचायचा. रात्री दहानंतर ग्रुपवर वचनांचे फॉरवर्ड नकोत.

सोडणं

तिसऱ्या वर्षाची मुलं जायच्या आधी, जानेवारीतच, पुढच्या वर्षाचा समन्वयक निवडा. तो विद्यार्थीच असावा, आणि गिटार वाजवतो म्हणून निवडू नका. जाणारा मुलगा हिंजवडीला लागतो की बेंगळुरूला हे विचारून तिथल्या एका मंडळीत आधीच फोन करा. नोकरीच्या पहिल्या वर्षी माणूस जेवढा एकटा असतो तेवढा हॉस्टेलवरही नसतो, आणि आपण त्याला नेमकं तेव्हाच ग्रुपमधून काढतो.

तुमचंही वय होतं. पस्तिशी उलटली की दादाचे अंकल होतात. त्या रविवारी घरी जाऊन आरशात बघितलं तरी हरकत नाही, पण दुसऱ्या कोणाला तरी किल्ली देण्याचा विचार त्याच आठवड्यात सुरू करा. आमच्याकडे सोपवायच्या वस्तू तीनच: हिशेबाची वही, सभागृहाची किल्ली आणि बारा लिटरचा कुकर. या जूनमध्ये तिन्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे गेल्या. कुकर रिक्षातून नेताना तिने फोन केला, ‘दादा, रबर गेलंय, शिट्टी होत नाही.’ मी म्हटलं, तुळशीबागेत बघ, मिळेल. ती म्हणाली, ‘बघितलं. आणलं पण. नुसतं सांगायला फोन केला.’